ड्राईव्ह सिंक होत नाही भाऊ, काय करू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. पूर्वी लोक यायचे ते प्रिंटर चालत नाही म्हणून, आता निम्मे येतात ते "ड्राईव्हवर टाकलं होतं पण दिसत नाही" म्हणून. रोज तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून काढलंय. बहुतेक सगळं विंडोजचं आहे, कारण मॅक माझ्याकडे वर्षातून एखादाच येतो. फाईली नेटवर ठेवायच्या जागांपैकी गूगल ड्राईव्ह, वनड्राईव्ह (मायक्रोसॉफ्टचं) आणि ड्रॉपबॉक्स ही तीनच धरली आहेत, आपल्याकडे तीच चालतात.

सिंक म्हणजे नेमकं काय? कॉपीच ना?

नाही, अन् निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. सिंक म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर आणि कंपनीच्या सर्व्हरवरचा फोल्डर कायम सारखे ठेवणं. इथे बदल केला की तिथे बदल, आणि इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आहेत, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, त्यांनी लॅपटॉपची जागा भरली म्हणून दोन वर्षांच्या वजनाच्या पावत्यांचा फोल्डर उडवला, का तर "ड्राईव्हवर तर आहेच ना". संध्याकाळी मोबाईलवर बघतात तर तिथूनही गायब. नशीब त्यांनी लवकर फोन केला. गूगल ड्राईव्हच्या ट्रॅशमध्ये (म्हणजे कचरापेटीत) डिलीट केलेली फाईल ३० दिवस राहते, वनड्राईव्हच्या वैयक्तिक खात्यातही ३० दिवस आणि ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही तेवढेच. वेबसाईट उघडून ट्रॅशमधून रिस्टोअर केलं, सगळं परत आलं, अन् नानांनी जाताना दोन किलो भरताची वांगी दिली.

फाईल वर जातच नाही, नुसतं गोल फिरतंय. सगळ्यात आधी काय करू?

सगळ्यात आधी काहीच उडवू नका. लोक इथे घाई करतात, ॲप अनइन्स्टॉल करतात, अकाउंट काढून परत टाकतात, अन् मग माझ्याकडे येतात. थांबा. क्रोम उघडा, ड्राईव्हच्या वेबसाईटवर जा आणि ती फाईल तिथे आहे का ते बघा, तारखेसकट बघा. तिथे असेल तर टेन्शन नाही, नुसतं कॉम्प्युटरचं ॲप अडकलंय. तिथे नसेल किंवा जुनी असेल तर ती फाईल या जगात फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे हे लक्षात घ्या आणि आधी पेनड्राईव्हवर कॉपी करा. मग पुढचे उद्योग.

पुढचे उद्योग म्हणजे, खाली उजवीकडे घड्याळाजवळ जो छोटा वरचा बाण असतो तो दाबा, ढगाचं किंवा त्रिकोणाचं चिन्ह दिसेल, त्यावर क्लिक केलं की ॲप स्वतःच सांगतं काय दुखतंय ते. दहातले सहा जण हा मेसेज वाचतच नाहीत, फोटो काढून मला पाठवतात आणि त्या फोटोत स्वच्छ लिहिलेलं असतं की स्टोरेज भरलंय. मेसेज नसेल तर पॉज करून परत रिझ्युम करा, नाही झालं तर ॲपमधून पूर्ण क्विट करून परत चालू करा, तरी नाही तर कॉम्प्युटर रिस्टार्ट. रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच, लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडणं नाही.

वनड्राईव्हच्या फाईलजवळ ढग, हिरवी टिक असं काय काय दिसतं, त्याचा अर्थ काय?

निळा ढग म्हणजे फाईल फक्त ऑनलाईन आहे, तुमच्याकडे नुसतं नाव आहे. पांढऱ्या पोटाची हिरवी टिक म्हणजे उघडली होती म्हणून सध्या इथे उतरलीय, पण जागा मोकळी करताना जाऊ शकते. पूर्ण हिरव्या गोळ्यात पांढरी टिक म्हणजे कायम इथेच राहणार. निळे दोन बाण म्हणजे काम चालू आहे, धीर धरा. लाल फुली म्हणजे फाईल अडकलीय.

"स्टोरेज फुल" म्हणतंय, पण माझ्या फोल्डरमध्ये तर दोनच जीबी आहे!

ताई, गूगलचे फुकटचे १५ जीबी एकट्या ड्राईव्हचे नसतात, त्यात जीमेल आणि फोटो पण आले. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये जे चढतं ते सगळं या १५ मध्ये मोजतात. आणि २०२४ पासून अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप पण यातच धरायला लागले, आधी तो फुकट होता. म्हणजे नातेवाईकांच्या ग्रुपवरचे सूर्योदय, गुलाबाची फुलं अन् शुभ सकाळ हे सगळं तुमच्या शाळेच्या निकालपत्रकाच्या जागेवर येऊन बसलंय. मी एका शिक्षिकेच्या खात्यात बघितलं तर व्हॉट्सॲपच ९ जीबी होतं, बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, बाकीचा चालू ठेवला आणि सिंक आपोआप पळायला लागलं.

भरलेल्या खात्यात नुसतं सिंक थांबत नाही, जीमेलवर मेल येणं पण थांबतं, हे जास्त वाईट. जागा करायची तर डिलीट करून भागत नाही, ट्रॅश पण रिकामा करा, ट्रॅशमधलं सुद्धा मोजलं जातं. (रिकामा करायच्या आधी आत काय आहे ते एकदा बघा, नानांचा किस्सा आठवा.) वनड्राईव्ह फुकट ५ जीबी देतं, ड्रॉपबॉक्स २ जीबी, तिथे तर विचारायलाच नको.

ऑनलाईन जागा आहे तरी सिंक होत नाही, म्हणे डिस्क फुल.

ही कॉम्प्युटरची जागा. आपल्याकडे सेकंडहॅन्ड लॅपटॉप खूप चालतात, १२८ जीबीची एसएसडी (म्हणजे आतली डिस्क), त्यात विंडोजच अर्धी खाऊन बसतं. गूगल ड्राईव्हच्या ॲपमध्ये दोन पद्धती आहेत, स्ट्रीम आणि मिरर. मिरर ठेवलं तर ड्राईव्हमधलं सगळं तुमच्या डिस्कवर उतरतं, खात्यात ८० जीबी असेल तर इथेही ८० लागणार. स्ट्रीममध्ये फाईल लागेल तेव्हा उतरते. पण स्ट्रीमसुद्धा सी ड्राईव्हवर थोडी जागा कॅशसाठी (म्हणजे फाईलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी) वापरतं, म्हणून सी भरून लाल झाला की तेही गुदमरतं. वनड्राईव्हमध्ये फोल्डरवर राईट क्लिक करून "फ्री अप स्पेस" करा, फाईल ढगात राहते आणि इथली जागा सुटते.

डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाईली गायब! काल होत्या!

हा फोन आला की मला आवाजावरूनच कळतं. "मन्ही फाईल कोठे गयी भो?" असं एकदम रडवेलं अहिराणीत, मराठी बोलायचं भान राहत नाही माणसाला.

बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. नवीन लॅपटॉप चालू करताना किंवा अपडेटनंतर वनड्राईव्ह विचारतं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचा बॅकअप घेऊ का, आपण नेक्स्ट नेक्स्ट करतो. तेव्हा तुमचा डेस्कटॉप उचलून वनड्राईव्हच्या फोल्डरच्या आत नेला जातो. दिसायला सगळं तसंच, फक्त पत्ता बदललेला. मग कधीतरी ५ जीबी भरतात, लाल फुल्या येतात, कोणीतरी हुशार भाचा येऊन तो बॅकअप बंद करतो किंवा वनड्राईव्हमधून साइन आउट करतो आणि समोर जुना रिकामा डेस्कटॉप येतो. फाईली अजून वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये, आतल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये बसलेल्या असतात. फाईल एक्सप्लोररमध्ये सी ड्राईव्ह, यूजर्स, तुमचं नाव, वनड्राईव्ह, डेस्कटॉप असं जा. तिथे नसतील तर वेबसाईटवर बघा. सापडल्या की आधी त्यांचा वेगळा फोल्डर करून डी ड्राईव्हवर कॉपी करा, कट करू नका, कॉपी. मग ठरवा बॅकअप ठेवायचा की नाही. मला विचाराल तर फुकटच्या ५ जीबीवर डेस्कटॉप ठेवायच्या भानगडीत पडू नये.

फाईलच्या नावाने काय फरक पडतो? मराठीत नाव दिलं म्हणून अडकतं का?

मराठीने काही होत नाही, बिनधास्त द्या. अडकतं ते चिन्हांनी. विंडोजला नावात * : ? " < > | आणि दोन्हीकडच्या तिरक्या रेघा चालत नाहीत. तुम्ही म्हणाल विंडोज मला टाकूच देत नाही, बरोबर, पण मोबाईलवरची स्कॅनिंगची ॲप आणि गूगल डॉक्स देतात ना. मोबाईलमधून "पावती १०:४५" नावाने चढलेली फाईल लॅपटॉपवर उतरताना गडबड करते. वेबसाईटवर जाऊन कोलनच्या जागी आडवी रेघ करा, सुटते. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस किंवा पूर्णविराम पण असाच त्रास देतो, अन् स्पेस तर डोळ्याला दिसतही नाही.

लांबीचं मात्र मराठीत जरा सांभाळा. विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून सगळा पत्ता धरून साधारण २६० अक्षरांची मर्यादा आहे, वनड्राईव्हची ४००. आणि कॉम्प्युटर काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतो. "श्री" आपल्याला एक अक्षर, त्याला चार. "क्षेत्र" आपल्याला दोन, त्याला सात. एका सोसायटीच्या ऑफिसात मी फोल्डरच्या आत फोल्डर असे नऊ थर बघितले, प्रत्येकावर "सन २०२३-२४ मधील वार्षिक सर्वसाधारण सभेसंबंधी कागदपत्रे" अशी पूर्ण वाक्यं. सगळ्यात आतल्या फाईली कधी वर गेल्याच नव्हत्या अन् कोणाला पत्ताच नव्हता. "सभा २३-२४" केलं, दहा मिनिटांत गेल्या.

एकाच फाईलच्या दोन दोन कॉप्या होतात, नावापुढे कॉम्प्युटरचं नाव लागतं. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. दोघांनी एकच फाईल एकाच वेळी बदलली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नेट बंद होतं, तिथे मुनीमजींनी रेट टाकले, तिकडे गोडाऊनवर मालकांच्या मुलाने त्याच एक्सेलमध्ये कापसाच्या गाठींचा आकडा बदलला. नेट आल्यावर दोन वेगळ्या फाईली समोरासमोर आल्या, आता कोण खरं ते ॲपला कसं कळणार, ते दोन्ही ठेवतं. आणि ते चांगलंच आहे, नाही तर एकाचं काम गेलं असतं. दोन्ही शेजारी शेजारी उघडा, जुळवा, एकच ठेवा. जुन्या एक्सएलएस फाईलीत दोघांना एकत्र काम करता येत नाही, एक्सएलएसएक्स करून घ्या, किंवा सरळ गूगल शीटवर या.

टॅलीचा डेटा फोल्डरच ड्राईव्हमध्ये ठेवला तर? दोन्ही दुकानांत एकच डेटा दिसेल.

नको. भाऊ, हात जोडतो, नको. हिशोबाचं सॉफ्टवेअर चालू असताना त्याच्या अनेक फाईली एकदम उघड्या असतात, एक व्हाउचर टाकलं की तीन-चार फाईलींत एकत्र नोंद होते. सिंक ॲपला हे माहीत नसतं, ते त्यातली एक फाईल आत्ता उचलतं, दुसरी दोन मिनिटांनी, तिसरी उघडी आहे म्हणून उचलतच नाही. दुसऱ्या दुकानात जे उतरतं ते अर्ध्या जेवणावरून उठलेल्या पाहुण्यासारखं, ना इकडचं ना तिकडचं. त्यात दोघांनी एकदम टॅली उघडलं तर वरच्या प्रश्नातल्या डबल कॉप्या होतात, आणि एक्सेलसारखं त्या शेजारी उघडून जुळवता येत नाहीत. एका जिनिंगवाल्यांचं मार्चएंडला असंच झालं, २९ मार्चला टॅलीतली कंपनीच (म्हणजे त्यांचा सगळा हिशोब) उघडेना, मग जुना बॅकअप टाकून अकरा दिवसांच्या एंट्र्या परत मारल्या, दोन पोरं रात्री बसून शेवभाजी मागवून.

डेटा सिंक फोल्डरच्या बाहेर ठेवा. रोज संध्याकाळी टॅली बंद करायच्या आधी त्याच्यातूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाईल ड्राईव्हमध्ये टाका. दोन्ही दुकानांत चालू डेटा बघायचा असेल तर त्याचे वेगळे मार्ग आहेत, तुमच्या टॅलीवाल्याला विचारा, ड्राईव्ह हे त्याचं औषध नाही.

पेनड्राईव्हवर फाईल नेली पण झेरॉक्सवाल्याकडे उघडलीच नाही.

फाईल केवढी होती ते बघा. १ केबी असेल तर ती फाईल नाहीच, पाटी आहे. गूगल डॉक्स आणि शीट्सच्या फाईली कॉम्प्युटरवर जी दिसतात ते नुसते दुवे असतात, खरा मजकूर गूगलकडेच. चोपड्याच्या एका सरांनी प्रश्नपत्रिका अशीच पेनड्राईव्हवर घेतली, परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अन् प्रेसमध्ये ती उघडेना. वेबसाईटवरून फाईल, डाउनलोड, पीडीएफ असं करून मग न्यायची. आणि वनड्राईव्हच्या निळ्या ढगवाल्या फाईली पेनड्राईव्हवर घ्यायच्या तर नेट चालू पाहिजे. गावाला जायच्या आधी महत्त्वाच्या फोल्डरवर राईट क्लिक करून "ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाईस" करून ठेवा, हिरवा गोळा आला की निघा.

नेट तर चांगलं आहे, यूट्यूब चालतं, मग अपलोड का नाही?

यूट्यूब खाली येतं, तुमची फाईल वर जाते. दोन्ही स्पीड वेगळे. स्पीडटेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. १० एमबीपीएस असेल तर १ जीबी जायला साधारण सव्वातेरा मिनिटं, आणि २ एमबीपीएस असेल तर एक तास सात मिनिटं. अक्षय तृतीयेच्या लग्नांनंतर फोटोग्राफर मंडळी ६० जीबी टाकून दुसऱ्या मिनिटाला मला फोन करतात. १० च्या स्पीडने ते १३ तासांच्या वर चालणार आहे दादा, अन् तेही मध्ये लाईट गेली नाही तर. लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो म्हणून वाटतं सगळं चालू आहे, पण राउटर मेलेला असतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावा, आणि पॉवर सेटिंगमध्ये लॅपटॉप झोपणार नाही असं करा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा मोजून वापरायचं) लागलंय का बघा, मीटर्ड असलं की वनड्राईव्ह स्वतःहून थांबतं. बॅटरी सेव्हर लागला तरी थांबतं. हा बिघाड नाही, तुमचा डेटा वाचवतंय ते.

पासवर्ड बरोबर आहे तरी साइन इन होत नाही, वेबसाईटही "सुरक्षित नाही" म्हणते.

खाली तारीख बघा.

खरंच, आधी तारीख बघा. माझ्याकडे पारोळ्याहून एक जुना डेस्कटॉप आला होता, तीन जणांनी बघून झालेला, विंडोज पण नवीन टाकलेलं. मी चालू केला, कोपऱ्यात वर्ष २०१२. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. तारीख चुकली की वेबसाईटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं, कारण त्याच्या हिशोबाने ते अजून जन्मालाच आलेलं नाही, मग तो सर्व्हरशी बोलतच नाही. सेल बदलला, तारीख लावली, पंधरा मिनिटांत सगळ्या फाईली उतरल्या. सेल चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. ज्यांच्याकडे लाईट सारखी जाते त्यांचं हे जास्त होतं, कारण पीसी रोज पूर्ण बंद पडतो आणि सगळा भार त्या सेलवर येतो.

विंडोज ७ वर चालेल का?

नाही. वैयक्तिक वनड्राईव्हचं सिंक ७, ८ आणि ८.१ वर १ मार्च २०२२ पासून बंद आहे. गूगल ड्राईव्हच्या ॲपनेही या जुन्या विंडोजचा हात सोडलाय. वेबसाईटवरून हाताने अपलोड करता येतं तेवढं करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ॲप लगेच बंद पडत नाहीत पण नवीन लॅपटॉपचा विचार करायला लागा.

अकाउंट डिस्कनेक्ट करून परत जोडलं तर सगळं सुधारतं असं म्हणतात.

सुधारतं पण कधी कधी. आणि जे वर गेलेलं नाही ते त्यात जाऊ शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राईव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४ व्हर्जनमध्ये गडबड झाली होती, लोकांच्या सिंक न झालेल्या फाईली दिसेनाशा झाल्या, तेव्हा खुद्द गूगलनेच सांगितलं होतं की डिस्कनेक्टचं बटण दाबू नका आणि ॲपचा डेटा फोल्डर उडवू नका. म्हणून म्हणतो, आधी पेनड्राईव्ह, मग डिस्कनेक्ट.

"ड्राईव्ह सपोर्टवरून बोलतोय" असा फोन आला, ओटीपी मागतात.

ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन करा.

दुकानात आणून दाखवायचं असेल तर काय काय आणू?

लॅपटॉप, चार्जर आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस. चार्जर बहुतेक जण विसरतात, त्याचं काही नाही, माझ्याकडे चार-पाच प्रकारचे पडलेत. पण पासवर्ड मुलाने टाकलाय, मुलगा पुण्याला, त्याची शिफ्ट रात्रीची, तो झोपलाय, अन् ओटीपी जातो त्याच्याच जुन्या नंबरवर जो आता बंद आहे, असं असेल तर आधी घरूनच त्याला उठवा.